नेट गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?

सकाळी साडेदहाला दुकानं-ऑफिसं उघडली की माझा फोन वाजायला लागतो. पलीकडचं पहिलं वाक्य ठरलेलं. जळगावातले शेठ असतील तर "भाऊ, नेट गेलं," आणि अमळनेर-पारोळ्याकडचं कुणी असेल तर "भाऊ, नेट बंद पडी गयं." दालमिल, जिनिंग, केळीचे व्यापारी, पतसंस्था, सीएंची ऑफिसं अशा ठिकाणची कॉम्प्युटरची जोडणी मी सांभाळतो. "नेट गेलं" या दोन शब्दांच्या पोटात अनेक वेगवेगळे बिघाड असतात, हे या कामानं मला शिकवलं. कुणाचा प्रिंटर चालत नसतो, कुणाला सर्व्हरवरचा टॅलीचा डेटा दिसत नसतो, कुणाची फक्त जीएसटीची साइट उघडत नसते. फोन करण्याआधी तिघांनीही एकच उपाय केलेला असतो, राऊटर बंद करून चालू.

केळीच्या बागेत शेवटच्या ओळीला पाणी पोचलं नाही तर शेतकरी सगळं ठिबक उपटून नवं घालत नाही. आधी मोटार चालू आहे का बघतो. मग फिल्टर तुंबलाय का, सबमेनचा व्हॉल्व्ह उघडा आहे का, नळी खारीनं कुरतडली आहे का, ड्रिपरमध्ये क्षार बसलाय का. पाणी ज्या वाटेनं येतं त्याच वाटेनं तो चालतो. जिथवर पाणी आहे आणि जिथून पुढे नाही, त्या दोन जागांच्या मधेच बिघाड सापडतो. नेटवर्कचं काम असंच आहे, फक्त चालायचं ते आपल्या टेबलापासून बाहेरच्या दिशेनं. कॉम्प्युटर, त्याची वायर, स्विच (म्हणजे सगळ्या टेबलांच्या वायरी जिथे एकत्र येतात तो डबा), राऊटर, फायबरचा डबा, नेट देणारी कंपनी आणि त्यापलीकडे आपल्याला हवी ती साइट.

चालायला लागण्याआधी एक प्रश्न विचारायचा. एकट्याचंच बंद आहे की सगळ्यांचं? शेजारच्या टेबलावर नेट चालू असेल तर राऊटरला हात लावायचं कारणच नाही. ते बंद करून तुम्ही उरलेल्या नऊ जणांचं काम थांबवता. एकट्याचं बंद असेल तर बिघाड त्या टेबलापासून स्विचपर्यंतच्या तुकड्यात आहे, सगळ्यांचं बंद असेल तर स्विचमध्ये किंवा त्याच्या पुढे. एवढ्या एका प्रश्नानं अर्धी वाट तपासून होते.

टेबलाकडचा तुकडा बघू. कॉम्प्युटरच्या मागे जिथे नेटवर्कची वायर जाते तिथे एक-दोन बारीक दिवे असतात. दिवा लागलेला नसेल तर वायर तुटली आहे किंवा सैल आहे. प्लास्टिकची ती छोटी जीभ मोडली की वायर आत बसल्यासारखी दिसते, पण टेकलेली नसते. या वायरमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. पूर्ण वेगासाठी, म्हणजे १००० एमबीपीएससाठी, चारही जोड्या लागतात. १०० साठी दोनच पुरतात. त्यामुळे उंदरानं एखादी तार कुरतडली तर नेट बंद पडेलच असं नाही, ते १०० वर उतरतं आणि लोक म्हणतात, "मशीन स्लो झालं." विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये हा वेग लिहिलेला दिसतो. मिलमध्ये अशी तक्रार आली की मी आधी छताखालची वायर बघतो. जिथे धान्य तिथे उंदीर. आणखी एक, या वायरची एका तुकड्यातली मर्यादा १०० मीटर आहे. ऑफिसपासून वजनकाट्याच्या केबिनपर्यंत दीडशे मीटर वायर ओढली तर ती कधी चालेल, कधी चालणार नाही. दोष तिथल्या कॉम्प्युटरचा नसतो.

दिवा लागला आहे, तरी नेट नाही. मग पत्ता बघायचा. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो, चार आकड्यांचा, १९२.१६८.१.२५ असा. हा पत्ता आपण देत नाही. कॉम्प्युटर चालू झाला की तो वायरवर हाक देतो, "मला कुणी पत्ता देता का?" राऊटर उत्तर देतो, "हा घे, आणि बाहेर जायचं असेल तर माझ्याकडून जा." या देवाणघेवाणीला डीएचसीपी म्हणतात, आणि बाहेर जायच्या त्या दरवाजाला गेटवे. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून उघडणाऱ्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजीत सलग टाइप करून एंटर मारलं की दोन्ही दिसतात. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर हाकेला कुणीच उत्तर दिलेलं नाही. कॉम्प्युटरनं स्वतःच स्वतःला तात्पुरता पत्ता घेतला आहे, आणि त्या पत्त्यावरून बाहेर जाता येत नाही.

हाकेला दोघांनी उत्तर दिलं तर काय होतं, ते रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याच्या ऑफिसात मी पाहिलं. ऐन हंगाम, बाहेर गाड्या भरणं चालू, आत बिल्ट्या निघायच्या. अकरा मशीन. रोज सकाळी त्यातली तीन-चार बंद, आणि दर दिवशी वेगळीच. काल ज्याचं चाललं त्याचं आज चालत नाही. नेटवाल्या कंपनीचा माणूस दोनदा येऊन "आमची लाइन ओके आहे" म्हणून गेला होता, आणि ते खरंच होतं. मी दोन मशीन शेजारी शेजारी घेतली, एक चालणारं, एक बंद. चालणाऱ्याचा गेटवे १९२.१६८.१.१. बंद असलेल्याचा १९२.१६८.०.१. ऑफिसात राऊटर एकच, मग हा दुसरा दरवाजा आला कुठून? वायरींचा माग काढत मी मागच्या खोलीत गेलो. तिथे हमालांच्या मुकादमाला मोबाइलवर नेट मिळावं म्हणून कुणीतरी घरचा जुना राऊटर आणून स्विचला जोडला होता. हेतू चांगलाच होता. पण तो राऊटरही सकाळी हाकेला उत्तर देत होता, आणि ज्या मशीनला त्याचं उत्तर आधी पोचलं ते त्याच्या दरवाजाशी जाऊन थांबत होतं. त्या दरवाजाला बाहेरची वाटच नव्हती. मी त्या राऊटरमधली डीएचसीपी बंद केली, त्याला मुख्य राऊटरच्या रांगेतला एक मोकळा पत्ता दिला, आणि तो नुसता वायफाय देणारा डबा म्हणून राहू दिला. सगळी मशीन एकदा बंद-चालू केली. मुकादमाचं नेट चालू राहिलं आणि अकराही मशीन चालली.

पत्ता ठीक असेल तर पुढे पिंग. पिंग म्हणजे दार ठोठावून "आहात का?" विचारणं. त्याच काळ्या खिडकीत पिंग लिहून आधी गेटवेचा पत्ता द्या. उत्तर आलं तर आपल्या टेबलापासून राऊटरपर्यंतची वाट साफ. मग ८.८.८.८ द्या, हा गूगलचा कायम जागा असणारा पत्ता आहे. उत्तर आलं तर राऊटर, फायबर, कंपनी सगळं साफ. मग एखाद्या साइटचं नाव द्या. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, असं झालं तर नेट गेलेलंच नाही. नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था, डीएनएस, अडकली आहे. पोस्टमन कामावर आहे, पण त्याच्या हातातली पत्त्यांची वही हरवली आहे. नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ लिहिलं की बहुतेक वेळा काम होतं. गेटवेपर्यंत उत्तर येतं आणि ८.८.८.८ पर्यंत येत नाही, तेव्हा मात्र फायबरच्या डब्याकडे बघा. एलओएस लिहिलेला दिवा लाल असेल तर प्रकाशच आत येत नाही. कुठेतरी जेसीबीनं फायबर तोडलेली आहे किंवा डब्यात जाणारी फायबरची बारीक वायर, पिगटेल, वाकली आहे. अशा वेळी कंपनीला फोन करून "एलओएस लाल आहे" एवढंच सांगा. "नेट नाही" म्हटल्यावर ते तुम्हाला राऊटर बंद-चालू करायला लावतील, हे ऐकल्यावर थेट लाइनमन पाठवतील.

बंद-चालू करण्याला माझा विरोध नाही. राऊटर म्हणजे एक छोटा कॉम्प्युटरच, महिनोन्‌महिने चालून तो अडखळतो आणि नव्यानं सुरू झाला की ताळ्यावर येतो. पण मागचं बारीक छिद्र आणि समोरचं बटण यांत फार फरक आहे. बटणानं राऊटर बंद होतो. छिद्रात टाचणी घालून दाबलं की त्याची सगळी आठवण पुसली जाते : वायफायचं नाव, पासवर्ड, आणि अनेक ठिकाणी नेट कंपनीनं दिलेला युजर आयडीसुद्धा. शनिवारी संध्याकाळी कुणीतरी टाचणी घालतं आणि सोमवारी दुपारपर्यंत ऑफिस बंद राहतं. तो आयडी एका कागदावर लिहून कपाटात ठेवा.

आता आपल्या भागाची खास अडचण, ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या शेडखालची केबिन त्याहून तापते. साध्या राऊटर-स्विचच्या माहितीपत्रकात बहुधा ० ते ४० अंश तापमानासाठी बनवलेला असं लिहिलेलं असतं. म्हणजे आपला उन्हाळा त्याच्या मर्यादेबाहेरचा. दुपारी दोन ते पाच नेट अडखळतं आणि संध्याकाळी आपोआप सुधारतं, असं रोज होत असेल तर आधी राऊटरवर हात ठेवून बघा. त्याला लोखंडी कपाटातून बाहेर काढा, छतापासून खाली आणा, वर फाइली ठेवू नका. जिनिंगमध्ये तर कापसाची तूस पंख्यात आणि जाळीत बसून गादी तयार होते. हंगामात दर पंधरा दिवसांनी ती काढावीच लागते. अर्थिंग नसलेल्या मीटरवर पहिल्या वळवाच्या पावसात, विजांच्या कडकडाटात, स्विचची अर्धी भोकं जळालेली मी पाहिली आहेत. राऊटर आणि फायबरचा डबा मिळून दोन-तीन एलईडी बल्बांइतकीच वीज खातात, त्यांना छोट्या यूपीएसवर टाकणं कुणालाही परवडतं.

दिवाळीची साफसफाई झाली की एक बिघाड हमखास येतो. झाडणाऱ्याला वायरीचं मोकळं टोक दिसतं, निघालं असावं म्हणून तो ते स्विचच्या रिकाम्या भोकात खोचतो. त्या वायरीचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये असतं. झालं, वर्तुळ तयार. एकानं दिलेली हाक वर्तुळात फिरत राहते, वाढत राहते आणि काही सेकंदांत सगळं ऑफिस ठप्प. ओळखायची खूण म्हणजे स्विचचे सगळे दिवे एका ठेक्यात वेड्यासारखे लुकलुकतात. साध्या स्विचला हे थांबवता येत नाही. शेवटची खोचलेली वायर काढा.

आणि एक बिघाड, जो नेटचा नसून घड्याळाचा असतो. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर नाण्यासारखा सीआर२०३२ सेल असतो. तो संपला की मशीन बंद झाल्यावर तारीख विसरतं आणि दहा-पंधरा वर्षं मागे जातं. मग बँकेची साइट, जीएसटीची साइट, सगळीकडे "कनेक्शन सुरक्षित नाही" अशी पाटी. कारण प्रत्येक सुरक्षित साइटचा एक दाखला असतो, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध. तुमच्या मशीनच्या हिशेबानं तो दाखला अजून निघालेलाच नाही. पाचोऱ्याच्या एका ऑफिसात ताईंनी यासाठी विंडोज पुन्हा टाकून घेतलं होतं, पैसे देऊन, तेही दोनदा. उजव्या कोपऱ्यातली तारीख बघायला कुणी सांगितलं नव्हतं.

इथवर वाट बंद पडल्याची गोष्ट झाली. पण जी वाट आपल्याला बाहेर नेते, तिच्यावरूनच दुसरा कुणी आत येऊ शकतो. आमच्याकडे याबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे : "आपल्या गावाकडे कोण लक्ष देणार, आपल्याकडे आहे काय?" मी हे शेकडो वेळा ऐकलंय आणि दरवेळी जीव कळवळतो. चोर तुमचं गाव शोधत नाही. इंटरनेटवर जुन्या पद्धतीचे एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचं साधन बनवून दाखवून दिलं की एका चांगल्या लाइनवरून ४५ मिनिटांत या सगळ्या पत्त्यांचं एकेक दार ठोठावून होतं. म्हणजे जेवून उठेपर्यंत जगातलं प्रत्येक दार तपासून झालं. तुमचं उघडं होतं की नाही, एवढाच प्रश्न.

एका दालमिलचं उघडं होतं. शेठना रात्री घरून टॅली बघायची होती, म्हणून कुणीतरी रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून मशीन चालवायची सोय, चालू करून राऊटरमधून ३३८९ क्रमांकाचं दार थेट बाहेर उघडून दिलं होतं. पासवर्ड, मिलचं नाव आणि पुढे १२३. एका सोमवारी सकाळी अकाउंटंट ताईंचा फोन आला, "भाऊ, टॅलीत कंपनीच दिसत नाही." मी म्हटलं, "ताई, फोल्डर उघडा, फाइलींची नावं वाचा." त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि मधेच थांबल्या. प्रत्येक नावाच्या शेवटी विचित्र अक्षरांची एक शेपटी लागली होती. चोरानं फाइली कुलूपबंद केल्या होत्या. डेस्कटॉपवर एक नवी फाइल होती, खंडणीची चिठ्ठी. मी विचारलं, "बॅकअप?" त्या म्हणाल्या, "आहे ना, रोज रात्री आपोआप होतो." बॅकअपची हार्डडिस्क त्याच मशीनला वर्षभर जोडलेली होती. तिच्यावरच्या फाइलींनाही तीच शेपटी.

अशा क्षणी करायचं पहिलं काम म्हणजे नेटवर्कची वायर उपटणं आणि वायफाय बंद करणं. त्या मशीनचीच नाही, सगळ्यांची, म्हणजे आग शेजारी पसरत नाही. घाईत फॉरमॅट मारू नका, सुटकेचा एखादा धागा असेल तर तोही जातो. मोठ्या संस्थाही हेच करतात. जुलै २०२४ च्या शेवटी सहकारी आणि ग्रामीण बँकांना सेवा देणाऱ्या एका कंपनीवर असाच हल्ला झाला, तेव्हा राष्ट्रीय पेमेंट महामंडळानं त्या कंपनीला आपल्या जाळ्यापासून तात्पुरतं तोडलं आणि तपासणी झाल्यावर पुन्हा जोडलं.

त्या मिलला वाचवलं ते ताईंच्या एका सवयीनं. दर महिन्याचं रिटर्न भरलं की त्या डेटा एका पेन ड्राइव्हवर घेऊन पर्समध्ये ठेवायच्या, कुणी न सांगता. एकोणीस दिवसांची एंट्री पुन्हा करावी लागली. तूरडाळीच्या कच्च्या पावत्यांचा ढीग मांडून तिघे जण पाच रात्री बसले, पण पंधरा वर्षांचा हिशेब हाताशी राहिला. बॅकअपचा नियम तीन-दोन-एक असा सांगतात : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, आणि एक प्रत इमारतीबाहेर. मी त्यातलं शेवटचं आधी करायला सांगतो. जी प्रत वायरीला जोडलेली नाही तिला वायरीवरून आलेला चोर हात लावू शकत नाही. आणि तीन महिन्यांतून एकदा ती दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, पेटी उघडल्यावर आत काहीच नाही असं व्हायला नको.

३३८९ चं ते दार मी बंद केलं. शेठना घरून बघायचं असेल तर व्हीपीएन लावून घेतलं. व्हीपीएन म्हणजे बाहेरच्या रस्त्यावरून जाणारा आपल्यापुरता बंद बोगदा. आधी त्याचं कुलूप उघडायचं, मगच आतलं दार दिसतं. पासवर्ड लांब केला, सोबत मोबाइलवरचा कोड मागणारी दुसरी पायरी जोडली.

अपडेटबद्दल लोक कंटाळून बोलतात, "सारखं अपडेट मागतंय." फाइली अशाच कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्रायचा हल्ला १२ मे २०१७ ला सुरू झाला आणि तो ज्या भोकातून आत शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते दोन महिने टाळलं ते सापडले. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. जुनं मशीन वजनकाट्यासाठी ठेवायचंच असेल तर ठेवा, पण त्याला इंटरनेट देऊ नका.

पैसे मात्र बहुतेक वेळा माणसाच्या विश्वासावरून जातात. दिल्लीच्या व्यापाऱ्याच्या नावानं मेल येतो, "आमचं बँक खातं बदललंय, या वेळचं पेमेंट नव्या खात्यावर करा." मेलचा पत्ता एका अक्षरानं वेगळा असतो, किंवा समोरच्याचा मेलच चोराच्या हातात गेलेला असतो. मग मेल कितीही खरा दिसो, उपयोग नाही. खातं बदलल्याचा निरोप आला की आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर फोन करायचा, मेलमधल्या नंबरवर नाही. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलान म्हणून फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी एपीके असतं. पत्रिका फोटो असते नाहीतर पीडीएफ असते. एपीके म्हणजे मोबाइलमध्ये बसवायचा प्रोग्रॅम. तो बसला की तुमचे ओटीपी दुसराच वाचतो, आणि ऑफिसच्या बँक खात्याचे ओटीपी त्याच मोबाइलवर येत असतील तर ऑफिसही गेलं.

पैसे गेले तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळत असतो आणि मधल्या एखाद्या खात्यात तो गोठवता येतो, पण त्यासाठी तासांवर नाही, मिनिटांवर हिशेब चालतो. हल्ल्याची खबर सहा तासांच्या आत सर्ट-इनला, म्हणजे सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेला, देण्याचं बंधन एप्रिल २०२२ च्या आदेशानं कंपन्यांवर आणि संस्थांवर आलं आहे, हे पतसंस्थेच्या संचालकांनाही माहीत असावं.

मी आता प्रत्येक ऑफिसात स्विचच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवतो. वर हातानं काढलेली वाट, कोणती वायर कुठे जाते. खाली गेटवेचा पत्ता, नेट कंपनीचा ग्राहक क्रमांक, १९३०, आणि सगळ्यात खाली एक ओळ, "बाहेरची डिस्क कुणाकडे आहे?" त्या दालमिलच्या कागदावर या ओळीपुढे ताईंचं नाव आहे. आता डिस्क दोन आहेत. दर शनिवारी एक त्यांच्या पर्समधून घरी जाते आणि दुसरी परत येते.